पेटीतून ऐकलेली माणसं

पेटीत बसलं की माणसं दिसत नाहीत, नुसती ऐकू येतात. खोकला ऐकू येतो, बांगड्या ऐकू येतात, मागच्या ओळीत कुणी भुईमुगाच्या शेंगा फोडत असेल तर तेही कळतं. माझ्या कितीतरी संध्याकाळी अशा ऐकण्यात गेल्या. जादूच्या खेळात आधी रिकामी पेटी दाखवतात, मग तिच्यातून चमचमता झगा घातलेली बाई बाहेर येते आणि लोक आ वासून बघतात. ती बाई म्हणजे मी.

या अंकाचे संपादक कारंज्याला आमच्या घरी आले ते खरं तर मास्तरांसाठी. मास्तर म्हणजे माझे यजमान. ते कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. रंगमंचावर मी त्यांना ‘होय मास्तर’, ‘आणते मास्तर’ म्हणायची, लोकांनी तेच नाव उचललं आणि मग घरातही तेच पडलं. मास्तर खाटेवर पडून होते. संपादकांनी आठवणी लिहायला सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे बोट केलं. बोट थरथरत होतं, पण रोख बरोबर होता.

“तिले इचारा. मी नुसता समोर उभा राहो. खेळ काय असते, ते तिले मालूम.”

असं म्हणायला त्यांना जन्म लागला, पण म्हणाले. म्हणून लिहिते आहे. आधीच सांगून टाकते, गुपितं सांगणार नाही. पेटी रिकामी का दिसते, हे मी माझ्या सख्ख्या बहिणीला सांगितलेलं नाही. ती अजून रुसलेली आहे.

लोकांना वाटतं, जादूगाराचं सगळं कसब हातात. हात पाहिजेतच, पण त्याच्या आधीचं काम कुणाला दिसत नाही. कोणत्या गावात, कोणत्या लोकांपुढे, कोणता खेळ काढायचा आणि कोणता पेटीतच ठेवायचा, हे ठरवणं. इथं चुकलात तर हात कितीही चपळ असू द्या, लोक उठून चहा प्यायला जातात.

पत्त्यांचे खेळ मास्तरांना फार आवडायचे. तासन् तास आरशासमोर बसायचे. पण खेड्यात पत्ते काढले की म्हातारी माणसं तोंड फिरवतात, कारण त्यांच्या लेखी पत्ता म्हणजे जुगार. आणि मैदानात मागे बसलेल्या बाईला इस्पिकचा एक्का काय दिसणार? तिला दिसलं नाही तर तो खेळ तिच्यासाठी झालाच नाही. लिंबाचेही खेळ सुरेख असतात. पण गावात लिंबू हातात घेतलं की बाया पोरांना पोटाशी ओढतात. करणीची आठवण काढून कुणाचं मनोरंजन होत नाही. आम्ही लिंबू कायमचं बंद केलं.

कारंज्यातल्या एका जैन व्यापाऱ्याकडे नातवाचा वाढदिवस होता, तिथली गोष्ट. मास्तरांनी पिशवीतून अंडं गायब करण्याचा खेळ काढला. अंडं लाकडाचं, पांढरा रंग दिलेलं. ते हातात धरलं आणि घरातल्या आजी उठून आत गेल्या. त्यांच्यामागे सुना गेल्या, सुनांमागे पोरं गेली. समोर उरला तो केक. मास्तर सगळ्यांना सांगत सुटले, “लाकडाचं हाय वो! वाजवून पाहा!” घरी येताना मी म्हटलं, लाकडाचं असलं तरी दिसतं तर अंडंच ना. दुसऱ्या दिवशी मी त्याला पिवळा रंग दिला, वर बारीक ठिपके काढले आणि त्याचा मोतीचुराचा लाडू झाला. लाडू लांबट कसा, असं आजवर कुणी विचारलेलं नाही. पुढच्या वर्षी त्याच घरात त्याच आजींनी तो लाडू कुठं गेला म्हणून मास्तरांच्या कोटाच्या बाह्या तपासल्या.

आता मोबाइल आले. समोरची पोट्टी ओरडून सांगतात, “हे आमी पाह्यलं! त्याच्या मांगं खिसा असते!” मास्तर चिडायचे. मला त्यात चिडण्यासारखं काही वाटलं नाही. मोबाइलमध्ये जादूगार असतो, त्यांच्या गावचा सरपंच नसतो. म्हणून मी सुचवलं, सामान आपलं वापरू नका, त्यांचं वापरा. सरपंचांच्या खांद्यावरचा दुपट्टा मागून घ्यायचा आणि सगळ्यांदेखत कात्रीनं कापायचा. दुपट्टा परत सांधून येईपर्यंत सरपंचांच्या चेहऱ्याकडे बघण्यात गाव इतकं गुंतलेलं असतं, की खिसा शोधायला कुणाला सवड नसते.

हे मला कळायचं ते पेटीमुळे. पेटी पहिल्यापासून रंगमंचावर उभी असायची आणि मीही पहिल्यापासून आत. मास्तरांना समोर माणसांचे चेहरे दिसायचे. चेहरे फसवतात. माणूस पाहुणचार म्हणून हसतो, शेजारी वाजवतो म्हणून टाळी वाजवतो. आतून मला दुसरंच कळायचं. खेळ खरोखर पकडतो तेव्हा टाळीच्या आधी सगळ्या मैदानाचा आवाज एकदम बसतो. खोकणारा खोकला दाबतो, शेंगा थांबतात, तान्हं मूल असेल तर त्याची आई त्याला थोपटायची थांबते. तो आवाज बसला नाही तर नंतर कितीही टाळ्या पडोत, खेळ फुकट गेला. कोणत्या खेळाला आवाज बसतो आणि कोणत्याला नाही, ते मी आत बसून मनात धरून ठेवायची. घरी आल्यावर हळूच म्हणायची, उद्या कबुतर आधी घ्या, दोरीचं मागून. मास्तर म्हणायचे, “तुले काय माहीत? तू तर पेटीत होती.” आणि दुसऱ्या दिवशी कबुतर आधी घ्यायचे.

एका प्रसंगानं मात्र आम्ही दोघंही शहाणे झालो. मंगरूळपीर तालुक्यातलं एक गाव, नाव लिहीत नाही. त्या काळी आमच्या पेटीचा खेळ दोन्ही अंगांनी व्हायचा. मी बाहेर यायची, मग मास्तर मला पुन्हा आत बसवून गायब करायचे आणि शेवटी प्रेक्षकांतून आणायचे. खेळ जोरात झाला. सामान आवरत होतो तेव्हा एक बाई आली. माझ्याच वयाची. म्हणाली, “मले थे पेटी आतून पाहू देता का?” मास्तर नाही म्हणणार होते, धंद्याचा नियमच तसा आहे. पण तिच्यासोबतच्या म्हाताऱ्यानं हळू आवाजात सांगितलं, तिची पोरगी मागच्या उन्हाळ्यात विहिरीत गेली. मास्तरांनी दार उघडलं. ती बाई वाकून पेटीत बघत राहिली. चारी बाजूंनी हात फिरवला, अगदी तळाला, कोपऱ्यांना. मग म्हणाली, “नाई. काहीच नाई.” आणि निघून गेली. तिनं काय बघितलं असेल आणि गावात काय सांगितलं असेल, याची आम्हाला फिकीर वाटली नाही. परत येताना मी टेम्पोत रडले. मास्तरही रडले.

तेव्हापासून आमचे दोन नियम झाले. गावात पोचलं की सामान उतरवण्याआधी टपरीवर चहा घ्यायचा आणि गावात अलीकडे काही वाईट झालं का ते विचारायचं. आणि दुसरा, आमच्या पेटीतून माणूस फक्त येईल, जाणार नाही. गायब करण्याचा खेळ आम्ही टाकून दिला. बाकीचे जादूगार आम्हाला हसले. हसू द्या.

आता तांब्याविषयी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

मास्तरांकडे अरुंद गळ्याचा एक तांब्या आहे, तांब्याचाच. खेळ सुरू होताना ते त्यातलं पाणी बादलीत ओतायचे, उलटा करून दाखवायचे, रिकामा. बाजूला ठेवायचे. एखादा खेळ झाला की पुन्हा उचलायचे, त्यातून पुन्हा पाणी. पुन्हा रिकामा. असं शेवटपर्यंत चालायचं. यात अंगठ्याचं काम असतं, एवढंच सांगते. दिसायला साधा खेळ, पण तोच सगळ्या कार्यक्रमाला बांधून ठेवतो. मधला एखादा खेळ पडला तरी लोक तांब्याची वाट बघत बसून राहतात. रिकामा तांब्या घराबाहेर न्यायचा नाही म्हणून निघताना मी तो भरून देवापुढे ठेवायची. रंगमंचाच्या कोपऱ्यात त्याला हळदकुंकू लावल्याशिवाय खेळाला हात घालायचा नाही, ही सासऱ्यांपासूनची रीत. खेळ संपला तरी त्यात थोडं पाणी राखायचं. भरला नेला, भरला आणला. ते उरलेलं पाणी घरी तुळशीला.

आसेगावला दरसाल देवळाच्या यात्रेत आमचा खेळ असायचा. तिथं किसनआबा नावाचे एक म्हातारे पहिल्या रांगेत बसायचे. धोतर, पांढरी टोपी आणि मोठा आवाज. तांब्याचं मर्म त्यांनी कधीच ओळखलं होतं. मास्तरांनी तांब्या उलटा केला रे केला की हे ओरडायचे, “मास्तर, अंगठा वर कर!” आणि मास्तर ठरलेलं उत्तर द्यायचे, “आबा, अंगठा दिला तर वावर जाईन!” कागदावर अंगठा देऊन वावर, म्हणजे शेत, गमावलेले लोक गावात होतेच. सगळं गाव हसायचं. पोरांना तर तांब्यापेक्षा ह्या सवाल-जवाबाचंच वेड. आबांनी गुपित ओळखलं होतं, पण बाकी कुणाला फोड करून सांगितलं नाही. बसल्या जागी बसून टोचायचं, एवढाच त्यांचा आनंद.

वाशीमच्या एका शाळेत स्नेहसंमेलन होतं. मास्तरांनी तांब्या उलटा धरला, रिकामा म्हणून सांगितलं आणि थेंब पडला. मग आणखी एक. मुलं हसली, त्यांना ती गंमतच वाटली. मी तेव्हा पेटीतून बाहेर आले होते, बाजूला उभी होते. मला मास्तरांचा अंगठा दिसला. तो जागेवर राहत नव्हता.

डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्या दिल्या. बरा होत नाही, सांभाळायचा असतो, असंही सांगितलं. बाहेर आल्यावर मास्तर दवाखान्याच्या पायरीवर बसले आणि आपले हात बघत राहिले. म्हणाले, “दुसरं कायबी द्याचं होतं देवानं. डोये घ्याचे होते. पाय घ्याचे होते.” मी शेजारी बसले. 

त्यानंतर खेळ निवडण्याचं काम माझ्याकडे आलं, आणि ते निवडणं नव्हतं, काढून टाकणं होतं. आधी बोटांतले चेंडू गेले. मग नाणी गेली. मग रुमाल. मोठ्या सामानाचे खेळ पुढे आणले, बोलणं वाढवलं, दोरीचा खेळ मी स्वतः करू लागले. बाईमाणूस जादू करते म्हटल्यावर बाया पुढं सरकून बसायला लागल्या, हे एक चांगलं झालं. मला सगळं पाठ होतं. मास्तरांचं प्रत्येक वाक्य मी पेटीतून ऐकलेलं, कुठं श्वास घ्यायचा तेसुद्धा. पुढं सगळाच खेळ मी करू लागले आणि मास्तर टेम्पोत बसून राहायचे. आमचे टेम्पोवाले रफीकभाई त्यांना म्हणायचे, “मास्तर, चलो ना, सामने कुर्सी पे बैठो.” ते उतरायचे नाहीत. आपल्याशिवाय खेळ चाललेला बघणं त्यांना जमत नव्हतं आणि आपल्याशिवाय खेळ पडलेला तर त्याहून नाही.

अशात आसेगावहून मंडळाच्या माणसाचा फोन आला. “वहिनी, औंदा मास्तर पाहिजेतच. मास्तर येत नसन तं सांगा, आमी डीजे सांगून देतो.”

मास्तरांनी ते ऐकलं होतं. म्हणाले, “चाल. मी येतो.”

“काय करसान तिथी?”

“तांब्या करीन.”

 तो अंगठा मी रोज बघत होते. घास तोंडापर्यंत नेताना भाजी सांडायची. आणि आसेगावच्या पहिल्या रांगेत किसनआबा बसणार, सगळ्यांदेखत ‘अंगठा वर कर’ म्हणून ओरडणार. ज्या गावानं इतकी वर्षं मास्तरांना डोक्यावर घेतलं, त्याच गावानं त्यांना हसावं हे मला सोसवलं नसतं. त्यांना तर नाहीच. मग मीच एक रस्ता काढला.

“तुमी पेटीत बसा,” मी म्हटलं. “खेळ मी करतो. शेवटाले पेटी उघडीन, तुमी बाहेर या, लोकाईले नमस्कार करा आन् खुर्चीवर बसा. बस. हाताले काम नाई.”

“मी? पेटीत? तुह्या जागी?”

“माह्या जागेत वाईट काय हाय? मी जलम काढला तिथी.”

ते रागानं उठून अंगणात गेले. जेवायला बोलावलं तरी आले नाहीत. सकाळी मी उठून बघते तर पेटीजवळ बसलेले. बिजागऱ्यांना तेल घालत होते. अर्धं तेल जमिनीवर सांडलेलं.

आजारानं ते इतके वाळले होते की माझ्या पेटीत मावले. पण दार लावल्यावर आतून टकटक ऐकू आली. हात लाकडाला लागत होता. मी बाहेरून म्हटलं, हात मांडीखाली घ्या. घेतला. थोड्या वेळानं पुन्हा टकटक. आतून त्यांचा आवाज आला, “नाई थांबत वं. माह्यं आयकत नाई थो.” मी माझी जुनी लुगडी काढली, त्यांची गोधडी शिवली आणि पेटीला आतून चारी बाजूंनी लावून टाकली. मग आवाज बंद झाला. मी आत असताना तशी गोधडी लावायचं कुणाला सुचलं नव्हतं, हे तेव्हा मनात आलं. 

आसेगावच्या टपरीवर चहा घेतला, विचारपूस केली. सगळं ठीक होतं. देवळासमोरच्या मैदानात दिवस कलता कलता खेळ सुरू झाला. पेटी उभी. कोपऱ्यात हळदकुंकू लावलेला भरला तांब्या. तो रीत म्हणून ठेवला होता, त्याला हात लावायचा नव्हता. पहिल्या रांगेत किसनआबा. आता हातात काठी, पण टोपी तीच.

“बाई, मास्तर कुठी हायेत?” त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला.

“येतात आबा. वाट पाहा,” मी म्हटलं आणि सरपंचांचा दुपट्टा मागितला.

खेळ बरे चालले होते. तरी माझं अर्धं ध्यान पेटीकडे. आत गरम होतं ते मला माहीत होतं. तहान लागते, मुंग्या येतात, घाम डोळ्यांत जातो आणि पुसायला हात उचलता येत नाही. पहिल्या रांगेत आबा आणि शेजारचा कुणी काहीतरी बोलत होते, पण मी बोलत असल्यामुळे शब्द कळले नाहीत. मधूनच मागून पोरांनी सुरू केलं, “तांब्या! तांब्या!” मी ऐकलं न ऐकलं केलं.

शेवटी पेटी फिरवून चारी बाजूंनी दाखवली. रिकामी. दार लावलं, मंत्र म्हटला, दार उघडलं. आत मास्तर उभे होते, त्यांच्या जुन्या लाल कोटात. आणि पेटी उघडल्यावर मैदानाचा आवाज बसतो, तो मी आयुष्यात पहिल्यांदा बाहेरून ऐकला. मग टाळ्या सुरू झाल्या. पोरं बाकांवर उभी राहिली.

ठरल्याप्रमाणे त्यांनी नमस्कार केला. ठरल्याप्रमाणे मी खुर्ची पुढं केली. ते खुर्चीवर बसले नाहीत. हळूहळू चालत कोपऱ्यात गेले, वाकले आणि तांब्या उचलला.

मी पुढं झाले, पण त्यांना थांबवायचं तर सगळ्यांसमोर थांबवावं लागलं असतं. मी बादली सरकवली. त्यांनी दोन्ही हातांनी तांब्या धरून पाणी ओतलं. धार वाकडीतिकडी पडली, निम्मी बाहेर. मग त्यांनी तांब्या उलटा केला आणि जुन्या आवाजात म्हणाले, “रिकामा!”

थेंब पडला. मग छोटी धार. मग थांबली. पुन्हा धार. सगळं मैदान बघत होतं.

तेव्हा मला एकदम सुचलं. पाणी कधी थांबायचं हे फक्त आम्हाला ठाऊक असतं, लोकांना कुठं ठाऊक असतं? रिकामा म्हटल्यावर त्यातून पाणी आलं की झाली जादू. मी मोठ्यानं म्हटलं, “मास्तर म्हनते संपलं! तांब्या म्हनते, अजून हाय!” लोक हसले. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, त्यांना ते समजलं. ते पुन्हा म्हणाले, “संपलं!” हात थरथरला, पाणी आलं. “तांब्या म्हनते, अजून हाय!” या वेळी पोरंही माझ्यासोबत ओरडली.

मागे मोबाइल वर धरून चित्रण करणारा एक तरणा पोट्टा होता. तो शेजाऱ्याला म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू गेलं, “अबे, हात हालून राह्यला त्याचा. म्हनून पानी पडून राह्यलं.”

हसणं थांबलं. मास्तर तसेच उभे राहिले. मला वाटलं, झालं. मी आबांकडे बघितलं. इतक्या वर्षांत ते जे ओरडत आले, ते आता ओरडले तर मी काय करणार होते, माहीत नाही.

किसनआबांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. काठी जमिनीवर आपटली आणि म्हणाले, “चूप बस बे. खेळ चालू हाय.”

 मास्तरच म्हणाले, “आबा, आज ‘अंगठा वर कर’ नाई म्हनत?”

“नाई म्हनत. तुहा अंगठा तुह्यापाशी राहू दे. वत तू.”

मास्तर ओतत राहिले. मी आणि पोरं ओरडत राहिलो. पाणी राखून ठेवणं त्या हाताला जमणारं नव्हतं. शेवटी तांब्या खरोखरच रिकामा झाला. मास्तरांनी तो उलटा धरला, हलवला, काही आलं नाही. “आता खरंच संपलं,” ते म्हणाले, आणि हे वाक्य खेळातलं नव्हतं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी त्यांना खुर्चीवर बसवलं.

सामान आवरताना मी रिकामा तांब्या हातात धरून उभी होते. असा रिकामा कधी परत नेला नव्हता, आणि माझ्या मनात नको ते येत होतं. किसनआबांची सून तिथं आबांना न्यायला आली होती. तिनं माझ्या हातातून तांब्या घेतला, देवळाच्या नळावर नेऊन काठोकाठ भरला आणि आणून दिला. “रिकामा नेत नाईत घरी, वहिनी,” एवढंच म्हणाली. मी तिला पोटाशी धरलं. तिला वाटलं असेल, पाण्यासाठी एवढं काय.

परतीच्या रस्त्यावर टेम्पोत मास्तर माझ्या शेजारी होते. मी तांब्या मांडीवर घट्ट धरून बसले होते. मी म्हटलं, “आपलं काय ठरलं होतं? खुर्चीवर बसाचं ठरलं होतं ना? तांब्याले काहून हात लावला?”

ते म्हणाले, “मी आतून आयकलं.”

“काय?”

“आबाच्या बाजूचा म्हने, आबा, मास्तरचे हात गेले म्हनते, आता कायले येईन थो. आबा म्हने, हाताले कोन बोलावलं बे? आपुन मास्तरले बोलावलं.”

रफीकभाईंनी टेम्पोचा वेग कमी केला. उगाचच, समोर काही नव्हतं.

“आतून सारं आयकू येते वं,” मास्तर म्हणाले. “श्वासबी आयकू येते लोकाईचा. तू इतके वर्सं आयकत होती आन् मले सांगतलं नाई?”

“तुमी इचारलं नाई.”

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. तो थरथरत होता, त्यामुळे तांब्यातलं पाणी हिंदकळून माझ्या पातळावर सांडलं. मी हात काढायला सांगितलं नाही.

त्यानंतरही ते काही खेळांना पेटीत बसले. आता पेटीत बसणं होत नाही, खाटेवरून उठणंही कठीण. मी एकटी जाते, रफीकभाई सोबत असतात. पेटी नेत नाही. तिच्यातून यायला माणूस लागतो, आणि ती जागा मी दुसऱ्या कुणाला दिली नाही. तांब्या नेते. माझ्या अंगठ्याला तो अजून पुरता वश झालेला नाही.

घरी आल्यावर पूर्वी मास्तर विचारायचे, टाळ्या किती पडल्या. आता तसं विचारत नाहीत. मी तुळशीला पाणी घालून त्यांच्या खाटेशी बसले की म्हणतात, “सांग, कुठी चूप झाले?” मी सांगते, दोरीला झाले, दुपट्ट्याला नाही झाले, दुपट्टा पुढच्या खेपेला आधी घेते. ते डोळे मिटून ऐकतात. मी बोलायची थांबले की घरातलाही आवाज बसतो, आणि दोघंही तसेच राहतो.